सकाळच्या दोन, रात्रीची एक

रविवारी दुकान बंद असतं. तरी त्या रविवारी सकाळी दहाला घरातली सगळी शहाणी माणसं दुकानातल्या लांब टेबलाभोवती येऊन बसली, आणि आत्याने ओळखलं की आज आपलं काही खरं नाही. दादा जाऊन सात आठवडे झाले होते. त्या सात आठवड्यांत वहिनी आणि वकील एकमेकांशी सात शब्द सरळ बोलले नव्हते. आज मात्र दोघं शेजारी शेजारी बसून एकमेकांपुढे बिस्किटांची बशी सरकवत होते. इतका गोडवा या घरात तिसऱ्याचा काटा काढायचा असला की येतो, हे आत्याला सदुसष्ट वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

दुकानात बसण्याचं कारणही मोठं थोर होतं. वहिनी, म्हणजे दादाची बायको, पहिल्या मजल्यावर राहायच्या आणि धाकट्या दिराच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणायच्या. धाकटा दीर दुसऱ्या मजल्यावर राहायचा आणि पहिल्या मजल्यावर पाण्याचा घोटही घेणार नाही म्हणायचा. भांडण झालं होतं खुर्चीवरून. गल्ल्यामागची दादाची खुर्ची आता कुणाची? सात आठवडे त्या खुर्चीत धुवायला आलेल्या पडद्यांचं गाठोडं बसलं होतं, आणि आत्याच्या मते त्या गाठोड्याने धंदा दोघांपेक्षा बरा सांभाळला होता.

धाकट्याला सगळे वकील म्हणत. त्याने कायद्याचं एक वर्ष केलं, त्यात आपटला, आणि पुढची चाळीस वर्षं ड्रायक्लीनिंगच्या पावत्यांमागे बारीक अक्षरात अटी लिहिण्यात घालवली. आजही तो पांढरा शर्ट घालून, पेन खिशाला लावून आला होता. समोर दादाचा मुलगा, म्हणजे पुतण्या, मान खाली घालून बसला होता. त्याला कुणाचंच मन मोडायचं नसायचं, त्यामुळे त्याच्याकडून आजवर सगळ्यांचंच मोडत आलं होतं. त्याच्या शेजारी त्याची बायको. ती या घरात येऊन चार वर्षं झाली होती आणि अजून तिला प्रश्न विचारायची खोड होती.

टेबलावर वृद्धाश्रमात भरती करायचा एक फॉर्म आणि तिथलं गुळगुळीत कागदाचं पत्रक होतं. त्यावर बाग, बाकडं, आणि बाकड्यावर हसणारी एक म्हातारी. म्हातारीच्या हाताला काही काम नव्हतं. आत्याने सगळ्यात आधी तेवढंच पाहिलं.

‘आपण सगळे ताईच्या भल्यासाठी जमलोय,’ वकिलाने सुरुवात केली.

‘अगदी बरोबर बोलतात भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या.

भाऊजी बरोबर बोलतात! आत्याला वाटलं, आपला आजार बळावला आणि आता कानाला भलतंच ऐकू येतंय. तिने समोरचा पाण्याचा तांब्या उचलायला हात पुढे केला. हात वाटेत असा काही थडथडला की पाणी बिस्किटांवर सांडलं. चौघांनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे पाहिलं. वहिनींनी हलकेच सुस्कारा सोडला. त्यांचा सुस्कारा नेहमी योग्य वेळी सुटायचा.

त्या हाताचीच तर बैठक होती. आत्या एकेचाळीस वर्षं मागच्या खोलीत, खिडकीजवळ, डागांच्या टेबलावर बसत आली होती. कपड्यावरचा डाग ती आधी हुंगायची, मग बोटांत चोळायची, मग सांगायची, हे रक्त, हा गंज, हे औषध, आणि हे जे गिऱ्हाईक चहा म्हणून सांगतंय तो चहा नव्हे. शहरातली इतर दुकानं अवघड कपडे तिच्याकडे पाठवायची. आणि गेल्या मंगळवारी तिने एका प्राध्यापिकेच्या रेशमी जॅकेटवर ब्लीचची बाटली उपडी केली. बाही पिवळी पडली आणि बोट लावताच फाटली. एकेचाळीस वर्षांत असं घडलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या आधी आत्याच रडली, आणि रडली म्हणून घरात दुसराच गवगवा झाला.

‘हात बघ कसा झालाय,’ वकील पुतण्याला म्हणाला. ‘जीभ जड येते. परवा जिन्यात पडली. खाल्लेलं पोटात ठरत नाही. आजार मुरत गेला की शेवटी असं होतं.’

‘पण काका,’ सूनबाई म्हणाली, ‘हात आधीही थोडा थरथरायचाच ना? असा नव्हता. हे महिन्याभरातलं आहे. डॉक्टरांना दाखवलं का?’

‘अगं, वय झालं,’ वहिनी म्हणाल्या.

वय झालं की आजार मुरला, ते एकदा ठरवा तरी, आत्याच्या जिभेवर आलं होतं. या घराचा न्याय असा होता: वहिनी चष्मा फ्रिजमध्ये विसरल्या तर ते वय, वकील एकच गोष्ट तीनदा सांगायला लागला तर तो स्वभाव, आणि आत्याला शिंक आली तरी तो आजार. चोवीस वर्षं ती दवाखान्यात भरती झाली नव्हती. त्या चोवीस वर्षांत पुतण्याची दोन लग्नं मोडली होती, वकिलाने तीन शेजाऱ्यांशी दावे मांडले होते, आणि वहिनींनी सख्ख्या बहिणीचं तोंड पाहणं बंद केलं होतं. पण तोंड उघडून जीभ वर करून रोज दाखवायची ती मात्र आत्यानेच.

हा घरातला जुना नेम होता. गोळी घरातल्या कर्त्या माणसाने हातावर ठेवायची, पाणी द्यायचं, आणि गिळल्यावर तोंडात पाहायचं. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून आत्याच्या आईच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता, ‘बिघडल्याच्या खुणा’ म्हणून. त्यातली पहिली खूण: ‘गोळी घेतली असे सांगते.’ पुढे ‘फार हसते’ होतं, आणि शेवटी ‘घरच्यांना शहाणपण शिकवते’ असंही होतं. त्या शेवटच्या खुणेने मोजायचं तर आत्या जन्मापासून बिघडलेली होती.

पहिल्या खुणेबद्दल मात्र आत्याची तक्रार नव्हती. ती तेव्हा खोटं बोलायची, हे खरंच होतं. चाळिशी उलटेपर्यंत मन असं उधाणायचं की जगातली सगळी माणसं तिला आपली वाटायची. एका थंडीतल्या दुपारी तिने गिऱ्हाइकांचे अठ्ठावीस कोट रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटून टाकले होते. मग दादाने आणि वकिलाने तिला दुकानाच्या गाडीत, टांगलेल्या सुटांच्या मध्ये बसवून, इस्पितळात नेलं होतं. तिथले आठ महिने ती कुणाला सांगत नसे. पुढे लिथियम सुरू झालं आणि मन जागेवर आलं. त्या गोळीचे उपकार ती मानायची. माणसांपेक्षा जास्तच मानायची, कारण गोळीने ते कधी बोलून दाखवले नव्हते.

दादा रोज रात्री गोळी द्यायचा. गेल्या वर्षी म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वयाबरोबर मूत्रपिंडं मंदावतात, औषध अंगात साठत जातं, जास्त झालं तर विष होतं, म्हणून आता दोनाच्या जागी एकच. मग ते डॉक्टर निवृत्त झाले आणि दादा वारला. आणि घरात जसा खुर्चीचा प्रश्न आला तसाच गोळीचाही आला: कर्तं माणूस कोण?

दिवसकार्य आटोपल्यावर दोघांनीही तो आपापल्या परीने सोडवला. वहिनींनी दादाच्या कपाटातलं पाकीट ताब्यात घेतलं आणि रोज रात्री एक गोळी देऊ लागल्या. वकिलाला वहिनींचा भरवसा नव्हता. त्याच्याकडे चिठ्ठीची झेरॉक्स होती, तीही दोन वर्षांपूर्वीची. त्याने स्वतः गोळ्या आणल्या आणि रोज सकाळी नऊला, दुकान उघडायच्या आधी, मागच्या खोलीत येऊन दोन गोळ्या देऊ लागला. एकमेकांना विचारायचं तर बोलावं लागलं असतं.

आत्याने पहिल्याच सकाळी त्याला सांगितलं होतं, ‘अरे, वहिनी देतात रात्री. मी घेतली.’ वकिलाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं. ‘ताई, परत सुरू झालं का तुझं?’ त्या रात्री तिने वहिनींना सांगितलं, ‘वकिलाने सकाळी दिल्यात.’ वहिनींनी कपाटाचं दार उघडलं आणि कागदावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. दवाखान्यात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, ‘मावशी, घरच्या कुणालातरी द्या ना फोन.’ गोळी लपवून ठेवावी तर वहिनी बॅटरी घेऊन तोंडात बघायच्या, आणि सापडली असती तर पुन्हा ती गाडी आणि ते सूट. म्हणून पाच आठवडे ती रोज तीन गोळ्या गिळत होती आणि आपण दिवसादिवसाने विरघळत चाललोय हे पाहत होती. तिला भीती वाटत होती. इतकी भीती तिला वेडातसुद्धा वाटली नव्हती, कारण वेडात निदान आपलं कुणी ऐकत नाही हे कळत नसे.

‘मला एक सांगायचंय,’ आत्या आता म्हणाली. जीभ तोंडात ओल्या सुतासारखी पडून होती. शब्द एकेक करून ढकलावा लागत होता. ‘मला गोळ्या जास्त होतायत. दोन ठिकाणाहून मिळतायत.’

वहिनींनी डोळे मिटून मान हलवली.

‘हेच,’ त्या हळुवारपणे म्हणाल्या. ‘हेच मी म्हणत होते, भाऊजी.’

‘अगदी हेच,’ वकील म्हणाला आणि फॉर्मच्या एका रकान्यात काहीतरी लिहिलं.

‘नाही, पण दोन ठिकाणं म्हणजे...’ सूनबाईने तोंड उघडलं.

‘तू मध्ये नको बोलूस,’ पुतण्या म्हणाला. ‘आधीच त्यांना त्रास होतोय.’

आत्याने पाणी प्यायलं, हनुवटीवर सांडलं ते पदराने पुसलं, आणि विचार केला. सरळ सांगून झालं. या घरात तिच्या तोंडून आलेलं खरं हे खोट्याहून वाईट ठरतं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडायला हवं. आणि या दोघांच्या तोंडून खरं फक्त भांडताना पडतं. म्हणजे यांना भांडायला लावलं पाहिजे, तेही सही व्हायच्या आत.

एरवी ते किती सोपं होतं! डाळ कुणी घेतली, दिवा कुणी चालू ठेवला, एवढ्यावर यांची जुंपायची. आज दोघं नवरा-नवरीसारखे एकमेकांना मान देत बसले होते.

‘दादाच्या खुर्चीचं काय ठरलं?’ तिने विचारलं.

पुतण्याचा चेहरा पडला. आत्याने मनातल्या मनात हात चोळले.

‘त्यात काय ठरवायचं?’ वकील म्हणाला. ‘मान वहिनींचाच.’

‘छे, छे! दुकान भाऊजींनी सांभाळलंय. त्यांनीच बसावं.’

‘नाही हो वहिनी, तुम्ही...’

‘अहो, तुम्हीच...’

कधी नव्हे ते शहाण्यासारखे वागायला यांना आजचाच मुहूर्त सापडला होता.

‘तर मग,’ वकिलाने फॉर्म सरळ केला. ‘जागा चांगली आहे. डॉक्टर येतात. ताईच्या वयाची, ताईसारखी बरीच माणसं आहेत. पुतण्या म्हणून तू इथे सही कर. खाली ताईचा अंगठा घेऊ, हात असा असताना सही कशी होणार?’

अंगठा! एकेचाळीस वर्षं हजारो पावत्यांवर सही केलेल्या बाईचा अंगठा. पुतण्याने पेन घेतलं. ते उघडायला त्याला नेहमीप्रमाणे वेळ लागला, आणि तेवढ्यात आत्याने शेवटचा डाव टाकला. तिने आवाज होता होईल तेवढा मऊ केला.

‘मी जाईन,’ ती म्हणाली. ‘तुम्ही म्हणाल तिथे जाईन. फक्त जाण्याआधी एक बोलू द्या. वहिनी, तुमचे उपकार मी विसरणार नाही. दादा गेल्यापासून माझं सगळं तुम्ही एकटीने केलंत.’

वहिनींचा चेहरा उजळला. ‘असू द्या हो, वन्सं.’

‘एकटीने,’ आत्या पुन्हा म्हणाली. हा शब्द तिने अगदी नीट उच्चारला. ‘वकील बिचारा कामात असतो. त्याला कुठून जमणार? त्याच्यावर माझा राग नाही. नाही जमत एकेकाला.’

वकिलाच्या हातातलं बिस्कीट चहात बुडून तिथेच राहिलं. ‘म्हणजे तसं सगळ्यांनीच केलंय,’ तो म्हणाला.

‘हो, हो,’ आत्या म्हणाली. ‘मनाने केलंय. हाताने वहिनींनी केलं.’

इथे वहिनी गप्प बसल्या असत्या तर सगळं संपलं असतं. पण कौतुक पचवून गप्प बसायचं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

‘खरं सांगू का,’ त्या पुतण्याकडे वळून म्हणाल्या, ‘माझं काही रक्ताचं नातं नाही. पण मी केलं. काहींचं रक्ताचं असूनही... जाऊ दे. आज वाईट बोलायचं नाही.’

‘बोला ना,’ वकील म्हणाला. ‘काहींचं म्हणजे कुणाचं?’

‘मी नाव घेतलं का?’

‘घ्याच नाव! दादा गेल्यापासून या बाईच्या तोंडात गोळी कोण घालतंय? रोज सकाळी नऊला, उन्हातान्हात, माझे गुडघे दुखत असताना दोन जिने उतरून कोण येतं? मी! दोन गोळ्या, स्वतःच्या हाताने! स्वतः विकत आणलेल्या! पाच आठवडे एक दिवस चुकलेला नाही. आणि तुम्ही एकटीने?’

‘काय खोटं बोलता हो!’ वहिनी उठून उभ्या राहिल्या. ‘रोज रात्री मी देते! माझ्याजवळ पाकीट आहे. आणि दोन कसल्या? एक! गेल्या वर्षीच एक केली डॉक्टरांनी. साधं तेवढंही ठाऊक नाही आणि निघाले मोठे गोळ्या देणारे!’

‘माझ्याकडे चिठ्ठी आहे!’

‘घाला चुलीत तुमची चिठ्ठी! मी रोज रात्री...’

‘मी रोज सकाळी...’

इथे दोघंही थांबले. आधी वहिनी थांबल्या, मग वकील. पुतण्याच्या हातातलं पेन खाली पडलं. सूनबाईने बोटांवर काहीतरी मोजलं आणि तिचा चेहरा पांढराफटक झाला.

‘तीन,’ ती म्हणाली. ‘एकच द्यायची तिथे तीन. पाच आठवडे.’

सगळ्यांच्या नजरा आत्याच्या हाताकडे गेल्या. तो टेबलावर तसाच थडथडत होता.

‘ताई,’ वकील म्हणाला, ‘तू सांगितलं का नाहीस?’

‘तुला पहिल्याच सकाळी सांगितलं. वहिनींना त्याच रात्री. आणि आत्ता मघाशी सगळ्यांना मिळून. तू लिहूनसुद्धा घेतलंस.’

वकिलाने फॉर्म उलटा करून ठेवला. क्षणभर त्याच्या डोळ्यांत खरोखरचं काहीतरी आलं, आणि आत्याला तिचा लहान भाऊ दिसला. क्षणभरच. मग तो वहिनींकडे वळला.

‘पण मुळात दादाच्या माघारी गोळी द्यायचा हक्क माझा होता. जास्तीची झाली ती तुमची.’

‘माझी? एक देणारीची जास्तीची, आणि दोन देणारा साव?’

त्यांचं पुन्हा सुरू झालं. आता ते मन लावून, मनापासून भांडत होते. दोघांच्याही चेहऱ्यावर चांगली तरतरी आली होती. आत्या मरते की राहते हा प्रश्न मागे पडून ती कुणाच्या गोळीने मरेल या प्रश्नावर घर आलं होतं. ‘आई, काका, जरा...’ एवढंच पुतण्या दोघांना आळीपाळीने म्हणत राहिला.

सूनबाईने तोवर इस्पितळाला फोन लावला होता. तिने तिथल्या डॉक्टरांना दोन वाक्यांत सांगितलं, ऐकलं, आणि म्हणाली, ‘ते मी कसं सांगू? थांबा, पेशंटलाच देते.’ तिने फोन आत्याच्या कानाला लावून धरला, कारण आत्याच्या हातात तो राहिला नसता.

चोवीस वर्षांत कुठल्याही डॉक्टरने आत्याला आधी विचारलं नव्हतं. तिने सावकाश सांगितलं. कुठल्या तारखेपासून, किती, कधी. तहान कधी लागायला लागली, हात कुठल्या आठवड्यात गेला, जीभ कुठल्या. जड जिभेने, पण एकही तारीख न चुकवता सांगितलं. पलीकडचा माणूस मध्ये बोलला नाही. शेवटी त्याने जे सांगितलं ते तिने ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाली, आणि टेबलाकडे वळली.

‘डॉक्टर म्हणतात, एकही गोळी द्यायची नाही. आत्ताच्या आत्ता भरती व्हायचं. रक्त तपासायचंय.’

भांडण थांबलं. वहिनींनी वकिलाकडे पाहिलं, वकिलाने वहिनींकडे. गोळी नको म्हणते, हे दोघांच्याही डोळ्यांत एकदमच आलं. तीस वर्षांची सवय. ती काय दोन मिनिटांत जाते?

‘दे गं जरा,’ वहिनी सूनबाईला म्हणाल्या आणि फोन आपल्या कानाला लावला. ‘हॅलो, डॉक्टर? मी घरातली बोलतेय. गोळी देऊ नका असं तुम्हीच म्हणालात का?... बरं. बरं.’ त्यांनी फोन खाली घेतला. ‘म्हणाले खरं.’

‘आणा इकडे,’ वकील म्हणाला. वहिनींनी ऐकलेल्यावर तो कसा विश्वास ठेवणार? ‘हॅलो. मी पेशंटचा भाऊ. मला स्पष्ट सांगा...’

सूनबाईने आत्याच्या कोपराखाली हात घातला. आत्या टेबलाला धरून उठली. दार लांब वाटत होतं, आणि तिला जगायचं होतं. आता तिला त्याबद्दल जराही शंका नव्हती. दारापाशी पोचल्यावर तिने वळून पाहिलं. वकिलाचं संपलं होतं, आणि आता पुतण्याने फोनसाठी हात पुढे केला होता.

‘पेशंट पुढे निघालीय,’ आत्या म्हणाली. ‘तुमची खात्री झाली की मागून या.’